उकळत्या झऱ्याचा कज्जा

४ जून

प्रिय मामा,

नमस्कार. खरं तर आज तोही लिहायची इच्छा नव्हती, पण आईने लावलेलं वळण मोडवत नाही.

तुमच्या साप्ताहिकाचा गेल्या आठवड्याचा अंक काल माझ्या हाती पडला; गावाने तो आधीच वाचला होता. पहिल्या पानावर, तुमच्या सहीनिशी अग्रलेख: 'किनाऱ्यावर मरणाचा साठा'. 'समुद्राच्या तळातून आणलेले अज्ञात विषाणू संशोधन संस्थेच्या एका खोलीत कोंडून ठेवले आहेत. ते दार उघडलं तर काय होईल, हे तिथल्या विद्वानांनाही ठाऊक नाही.' मामा, ते विद्वान म्हणजे मी! ती खोली माझी आहे. आत काय आहे ते मला नीट ठाऊक आहे, आणि मला विचारलं असतंत तर तुम्हालाही कळलं असतं. जन्मभर छपाईयंत्राशेजारी बसून तुमचे कान गेले, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, हे मान्य. पण पत्र लिहायला कान लागत नाहीत.

आता तुमच्या लेखणीचा पराक्रम ऐका. दूधवाला आमच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर कॅन टेकवून पळतो. बसचा कंडक्टर गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं की 'मागच्या गाडीने या' म्हणतो, आणि मागून गाडी नसते. आमच्या ग्रंथपालाच्या लहान मुलीला शाळेत वेगळ्या बाकावर बसवलंय. तिने काल मला जिन्यात गाठून विचारलं, "मावशी, तुझ्या खोलीतला राक्षस केवढा आहे गं?"

तर राक्षसाची माहिती घ्या. समुद्राच्या तळाशी, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे जमिनीला भेगा आहेत. त्यांतून उकळतं, गंधकाचं पाणी वर येतं. अशा झऱ्यांत सूक्ष्मजीव राहतात आणि मजेत राहतात. पाणी तुमच्या चहाइतकं निवलं तरी ते गारठून निपचित पडतात. माझे विषाणू फक्त या सूक्ष्मजीवांना लागतात, बाकी कुणालाही नाही. माणसाच्या अंगात शिरून ते करतील काय? माणूस तापाने कितीही फणफणला तरी तो त्यांच्या लेखी बर्फ. 'विषाणू' हा शब्दच घात करतो. आपल्या भाषेने त्यांच्या नावातच विष कालवून ठेवलंय.

माझ्या बाईंनी, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्यांनी उभी हयात एकाच झऱ्याचं पाणी पुन्हापुन्हा आणून साठवलं. बाई गेल्या. तो झराही आता थंड पडलाय, तिथे पुन्हा काही मिळायचं नाही. जे आहे ते त्या एका खोलीत. आणि तुमचं शेवटचं वाक्य काय, तर 'हा साठा ताबडतोब जाळून टाकावा'!

मी मे महिन्यात जहाजावरून परतले तेव्हापासून खोलीला सील आहे. संचालक म्हणतात, "लोकांच्या तक्रारी आहेत, माझा नाइलाज आहे." लोक म्हणजे कोण, हे काल कळलं.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात.

तुमची (अजून तरी) भाची,
भिंगरी


९ जून

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. राग आला म्हणून मी ते कमी करत नाही.

दुरुस्ती छापणार नाही.

मला विचारायला काय झालं होतं, असं तू म्हणतेस. मग तुला सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं घरादाराला सांगत आलीस, 'समुद्राच्या मातीचा अभ्यास करते.' तुझी आई शेजारीपाजारी कौतुकाने सांगते, "आमची लेक चिखल तपासते." आणि विषाणू हा शब्द मला परक्या माणसाच्या तोंडून ऐकावा लागला. का लपवलंस ते मीच सांगतो. या घरात तो शब्द उच्चारायची सोय राहिलेली नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

तुझी मामी त्या साथीत गेली तेव्हा तू लांब शिकायला होतीस. मी रुग्णालयात काचेच्या या बाजूला उभा होतो आणि ती पलीकडे. तिने हात उचलला. मला वाटलं, मला बोलावतेय. मी काचेवर थाप मारली. परिचारिका बाहेर येऊन म्हणाली, "काका, त्या बोलावत नाहीयेत, श्वास ओढतायत." त्या साथीच्या आधीही तुझ्यासारखीच शिकलीसवरलेली माणसं सांगत होती, 'हे प्राण्यांना होतं, माणसांना नाही.' आज तू लिहितेस, हे समुद्रातल्या जिवांना होतं, माणसांना नाही. मी यापुढे हे वाक्य कुणाकडून ऐकून घेणार नाही. भाचीकडूनही नाही.

आणि मी हवेत लिहीत नसतो. तुमचे संचालक स्वतः माझ्या छापखान्यात आले होते. मी त्यांना तोंडावर विचारलं, "यापासून लोकांना धोका नाही अशी खात्री देता?" ते म्हणाले, "खात्री देता येत नाही." संस्थेचा प्रमुख खात्री देत नाही आणि माझी भाची सांगते, त्यांना चहाइतक्या गरम पाण्यातही थंडी वाजते! मी विश्वास ठेवायचा कुणावर?

साठा जाळण्याचा ठराव महिनाअखेरीस जिल्हा सभेपुढे येतोय. मी त्याच्या बाजूने बोलणार आहे. तुला आधी सांगून ठेवतोय, मागून कळलं असं नको.

रागाच्या भरात जेवण टाळू नकोस. तुझी ती सवय जुनी आहे.

तुझा मामा


१४ जून

प्रिय मामा,

मामीबद्दल तुम्ही मला कधी इतकं लिहिलं नव्हतं. बोललात तर नाहीच. वाचून मी बाहेर जाऊन बसले. धक्क्यावर जाळी वाळत घालणारी माणसं माझ्याकडे बघत होती, बघू दे.

हो, लपवलं. मामी गेल्यावर मी घरी आले होते तेव्हा तुम्ही दाराच्या कड्या पुसत होता. कुणी शिवलं की पुन्हा पुसत होता. त्या माणसाला मी काय सांगणार होते? चिखल म्हणाले आणि पुढे चिखलच म्हणत राहिले.

पण तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते तुम्ही ऐकून घ्यायला हवं. साथ प्राण्यांतून माणसांत आली, कारण प्राणी आणि आपण नात्यातले. अंगाची ऊब सारखी, रक्त सारखं, पेशींचा घाट सारखा. एका घरची किल्ली शेजारच्या कुलपाला चुकून लागावी तसं झालं. माझ्या झऱ्यातल्या सूक्ष्मजीवांची आणि आपली फारकत झाली तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, गवताचं पातं नव्हतं. तिथे कुलूप तर सोडाच, दारही नाही.

आणि ते करतात काय, हे तुम्ही एकदा तरी विचारा ना! बाईंच्या सगळ्यांत जुन्या कुप्यांमधला विषाणू आपल्या यजमानाला, म्हणजे ज्या सूक्ष्मजीवात तो शिरतो त्याला, फोडून बाहेर पडतो. त्यानंतरच्या खेपेच्या पाण्यात यजमानाने अंगावरची कातडी बदललेली दिसते, विषाणूला पकडच मिळत नाही. पुढच्या खेपेला विषाणूची नखं बदललेली. पुन्हा कातडी, पुन्हा नखं. असं भांडण चाललेलं असताना हा विषाणू एका सूक्ष्मजीवातलं गंधकावर जगायचं जनुक उचलतो आणि दुसऱ्याला नेऊन देतो. आणि माझ्या काळातल्या नळ्यांत तर त्याने यजमानाला फोडणंच सोडलंय. तो त्याच्या जनुकांच्या माळेत जाऊन बसतो, तिथेच राहतो, आणि दुसरा विषाणू आला तर त्याला आत येऊ देत नाही. मारेकऱ्याचा राखणदार झाला, मामा, आणि तो कसा होत गेला याची एकेक पायरी त्या खोलीत ठेवलेली आहे. उत्क्रांती पुस्तकात वाचायला मिळते. अशी डोळ्यांदेखत, पायरीपायरीने, एकाच झऱ्यातली, मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. ती जाळायला निघालात.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. संचालक तुमच्याकडे स्वतः होऊन आले? मला ते म्हणाले की लोकांच्या तक्रारी आधी आल्या आणि म्हणून त्यांनी खोली बंद केली. नेमके कधी आले होते ते? आणि काय काय म्हणाले?

भिंगरी


१९ जून

चि. भिंगरी,

आशीर्वाद.

संपादकाची उलटतपासणी करू नये, हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही. तरी सांगतो, कारण यात लपवण्यासारखं काही नाही, आणि त्या सज्जन माणसावर तू संशय घेतेस हे मला आवडलेलं नाही.

ते एप्रिलच्या अखेरीस आले. भर दुपार. उन्हाने लालबुंद झालेले. कागद कापायच्या यंत्राशेजारच्या खुर्चीवर, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "काय सुख आहे हो! आमच्याकडे चार दिवस झाले वीज नाही, वादळाने खांब पडलेत. जनरेटरही दगा देऊन बसलाय." स्वतःच्या घरी दिवा नाही, तरी तो माणूस जिल्ह्याची काळजी घेऊन अर्ध्या दिवसाचा प्रवास करून माझ्याकडे आला. मी पाणी दिलं. मग ते म्हणाले, "तुमच्यासारख्या जाणत्या संपादकाने हा विषय लोकांपुढे आणला पाहिजे. माझ्या तोंडून आलं तर बरं दिसणार नाही, माझीच माणसं दुखावतील." यात गैर काय? उलट तुला दुखवायचं नाही म्हणूनच ते तसं म्हणाले असतील.

तुझं राखणदाराचं वाचलं. लिहितेस छान. पण जो एकदा मारेकरी होता तो पुन्हा होणार नाही, याची जबाबदारी कोण घेणार? माझं मत बदललेलं नाही. सभा अठ्ठावीसला आहे.

मामा


२२ जून

मामा,

'प्रिय' लिहायलाही थांबले नाही. हे पत्र मिळताच वाचा, अंक छापायचा असेल तर यंत्र थांबवून वाचा.

चार दिवस वीज नव्हती. जनरेटर बंद होता. हे मला तुमच्याकडून कळतंय! ती घटना माझ्या खोलीच्या भिंतीला लागून घडली, मी तेव्हा समुद्रावर होते, आणि परत आल्यापासून या इमारतीतल्या एकाही माणसाने मला ते सांगितलं नाही.

त्या खोलीत डीप फ्रीझर आहेत. बाईंचं आणि माझं सगळं त्यांतच आहे. वीज गेली तर काही तास ते थंडावा धरतात, चार दिवस धरत नाहीत. सगळं वितळलं असणार. मग दार का सील केलं आणि मला आत का जाऊ दिलं नाही, हे वेगळं सांगायला नको. लोकांच्या तक्रारी नव्हत्याच. त्या तक्रारी करवून घ्यायला तो तुमच्याकडे आला. तुम्ही लिहायचं, सभेने ठराव करायचा, भट्टीत सगळं जायचं, आणि मग कोण विचारणार की जाळलं तेव्हा ते शाबूत होतं का आधीच नासलं होतं? जनरेटर धड नाही हे आम्ही सांगत आलो, पण दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचा त्याने महिनोन्महिने आळस केला. त्या आळसावर पांघरूण घालायला त्याने माझी मामी वापरली, मामा. जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे की तुम्ही या विषयावर काय लिहाल. तो मुद्दाम तुमच्याकडेच आला.

मी खात्री करून घेतली. माझी इथली मैत्रीण माशांचा अभ्यास करते, आम्ही रोज एका टेबलावर जेवतो. तिला विचारलं, "एप्रिलमध्ये तुझ्या गोठवलेल्या माशांचं काय झालं?" तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "सगळे नासले. मला म्हणाले, बोललीस तर पुढच्या वर्षीची नेमणूक विसर." मी म्हटलं, "आणि तू माझ्यासमोर बसून रोज भात कालवत राहिलीस?" ती रडायला लागली. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. अजूनही आलेली नाही.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी दार उघडलंच नाही. आतून म्हणाले, "विषय आता सभेपुढे आहे."

मामा, सभेत मला बोलायची परवानगी नाही, संस्थेतर्फे फक्त तो बोलणार. तुम्ही बोलणार आहात. काय बोलायचं ते मी सांगत नाही.

भिंगरी


२९ जून

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी माझ्याने जेववलं नाही. आधी तुझा राग आला, मग त्याचा, मग माझा. क्रम खरा सांगतोय.

काल सभा झाली. संचालक पहिल्या रांगेत, पांढराशुभ्र सदरा, मांडीवर फाइल. अध्यक्षबाईंनी मलाच आधी बोलावलं, कारण मी जाळा म्हणणारा, हे जगजाहीर. मी उभा राहिलो. म्हटलं, "मला भाषण करायचं नाही. साहेबांना एक विचारायचंय. एप्रिलमध्ये तुमच्याकडे वीज गेली होती का?"

तो काहीतरी पुटपुटला. मी कानामागे हात धरला. "मोठ्याने. मला ऐकू येत नाही."

"हा तांत्रिक विषय आहे."

हे मला ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय? मांत्रिक विषय आहे?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. त्याने रुमाल काढला. "विजेचा आणि ठरावाचा काही संबंध नाही!"

"संबंध आपण मागाहून लावू. वीज होती की नव्हती?"

"काही काळ खंडित होती."

"पंडित होती?"

"खंडित! खंडित!"

"अहो, वयस्कर माणूस आहे मी, साध्या शब्दांत सांगा. होती की नव्हती?"

मग मात्र तो ताडकन उठला आणि छत हादरेल असा ओरडला, "नव्हती! चार दिवस नव्हती! जनरेटरही नव्हता! झालं समाधान?"

"झालं," मी म्हणालो. मला वाटतं, आपण काय ओरडलो हे त्याला बसल्यावर कळलं. "म्हणजे फ्रीझर बंद पडले. म्हणजे जे होतं ते एप्रिलमध्येच वितळलं. ज्यांचं ते काम त्यांना तुम्ही सांगितलं नाहीत, या सभेला सांगितलं नाहीत. माझ्याकडे आलात. माझ्या बायकोच्या मरणाची भीती माझ्याच हातात काडीसारखी दिलीत आणि म्हणालात, पेटवा. मी पेटवत होतो."

एवढं बोलून मी खाली बसलो. पुढचं बोलल्या त्या डॉक्टर सदस्य, आपल्या सरकारी दवाखान्यातल्या. बाई उभ्यासुद्धा राहिल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "साहेब, ते जर धोकादायक होतं, तर फ्रीझर बंद पडल्यावर तुम्ही मला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. आणि धोकादायक नव्हतं, तर जाळायचं कशाला? यातलं एक काहीतरी निवडा." त्याने फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

ठराव बारगळला. डॉक्टरबाईंच्या समक्ष तू खोली उघडायची, असं ठरलंय.

आता माझं ऐक. तुझे विषाणू मला आवडायला लागले, असा समज करून घेऊ नकोस. मी जे केलं ते मला कुणी बाहुलं केलं या संतापाने केलं. लग्नानंतर तुझी मामी मला म्हणाली होती, "तुम्हाला फसवणं अवघड नाही, पण फसवल्यावर तुमच्यासमोर उभं राहणं अवघड आहे." ती बरोबर होती.

दुरुस्ती उद्याच्या अंकात आहे. पहिल्या पानावर, मागितलास त्याहून मोठ्या टायपात.

मामा


२३ जुलै

प्रिय मामा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं चांगलं काहीच नव्हतं.

खोली उघडली. डॉक्टरबाई हातमोजे घालून आल्या होत्या, आत गेल्यावर त्यांनी नाकाला रुमाल लावला. बंद खोलीतला उबट, कुबट वास. फ्रीझरचं दार उघडल्यावर पाणी माझ्या पायावर सांडलं. वीज परत आल्यावर ते पुन्हा सुरूही केलेले नव्हते, मामा! चार दिवसांचं नुकसान त्याने तीन महिन्यांचं केलं, कारण सुरू करायला आत जावं लागलं असतं आणि आत गेल्यावर बघावं लागलं असतं.

माझ्या काळातल्या सगळ्या नळ्या प्लॅस्टिकच्या. वितळल्यावर त्यांच्या झाकणांतून हवा झिरपते, आणि झऱ्यातल्या जिवांना हवा म्हणजे मरण. त्या संपल्या. मधल्या काळातल्याही संपल्या. कातडी बदलली, नखं बदलली, त्या सगळ्या पायऱ्या गेल्या. आम्ही वाचून नोंदवलेल्या जनुकांच्या अक्षरमाळा संगणकात आहेत, पण जिवंत काही नाही. मी एकेक नळी उजेडात धरून बघत होते आणि डॉक्टरबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "रडायचं असेल तर रडा, मी कुठे लिहिणार नाहीये." रडले नाही. संचालकाच्या खोलीत गेले. या वेळी दार उघडं होतं. मी विचारलं, "त्याच दिवशी मला जहाजावर निरोप का पाठवला नाहीत?" त्याचं उत्तर ऐका: "तुम्हाला वाईट वाटलं असतं." मी म्हटलं, "मी तुम्हाला तिथूनच सांगितलं असतं, नळ्यांतली हवा काढून तोंडं लाखेने बंद करा. अर्ध्या वाचल्या असत्या." तो म्हणाला, "मला वाटलं, वितळलं म्हणजे मेलं." उकळत्या पाण्यातल्या जिवांबद्दल म्हणाला हे! समुद्रविज्ञानाच्या संस्थेचा संचालक! थंडी गेल्याने ते मरत नाहीत, हे एका वाक्यात कळलं असतं. विचारायचं धैर्य नव्हतं म्हणून त्याने भट्टी शोधली.

पण बाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांचा प्लॅस्टिकवर भरवसा नव्हता. त्यांच्या कुप्या काचेच्या, तोंडं आगीवर वितळवून बंद केलेल्या. त्यांत हवा शिरायला वावच नाही. त्यांतल्या काही मी गेल्या आठवड्यात फोडल्या, गंधक घातलेल्या पाण्यात सोडल्या आणि पाणी जवळजवळ उकळीला नेऊन ठेवलं. बहुतेक तशाच राहिल्या. एक, बाईंच्या शेवटच्या मोहिमेतली, आज सकाळी गढूळ झाली.

गढूळ म्हणजे वाढ, मामा. ते जिवंत आहेत.

मी त्यांना थोडा त्रास दिला, पाणी जरासं आंबट केलं. आणि दुपारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या भोवती विषाणू दिसले. लिंबाच्या आकाराचे, दोन्ही टोकांना शेपट्या. सुटे विषाणू असलेल्या नळ्या तर सगळ्या नासल्या होत्या. हे आले ते यजमानाच्याच पोटातून. त्याच्या जनुकांत जाऊन बसले होते, त्याच्याबरोबर झोपले, आणि तो जागा झाल्यावर बाहेर आले. म्हणजे राखणदार व्हायला त्यांनी बाईंच्या हयातीतच सुरुवात केली होती, आम्ही समजत होतो त्याच्या कितीतरी आधी. बाईंना हे कळलं नाही. मला त्यांना सांगायचं होतं. त्याऐवजी तुम्हाला लिहितेय.

माझी मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. तिने पाहिलं आणि माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.

तुमची,
भिंगरी


४ ऑगस्ट

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी छापखान्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. टाइप जुळवणारा आमचा जुळारी म्हणाला, "म्हणजे आपण जाळलं असतं तर हे पण गेलं असतं?" मी म्हटलं, हो.

आता रक्त खवळवणारी बातमी. तुमच्या संचालकांची बदली झाली. वरच्या कार्यालयात, वरच्या जागेवर. नेमणूक कसली, ते बसून वाच: सगळ्या संस्थांमधल्या साठ्यांच्या सुरक्षेची देखरेख! निरोप समारंभात त्यांच्या दूरदृष्टीबद्दल भाषणं झाली म्हणे. मी ही बातमी जशीच्या तशी छापली आहे, खाली वीज गेल्याची आणि फ्रीझर बंद ठेवल्याची हकिकत जोडून. वरून फोन आला होता. तो घेणारा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, फार चिडलेत, माफी मागा म्हणतायत." मी फोन कानाला लावला, पाच मिनिटं "हॅलो, हॅलो" केलं आणि ठेवून दिला. माझ्या कानांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. दर अंकात एक प्रश्न छापणार आहे, उत्तर येईपर्यंत. मला घाई नाही.

ग्रंथपालाच्या मुलीचं काय झालं ते तू कळवलं नाहीस, म्हणजे ती अजून वेगळ्या बाकावरच असणार. शनिवारी मी तिकडे येतोय. उतरल्यावर आधी शाळेत जाणार. अग्रलेख माझा होता, तो बाक मी हलवून घेईन.

मग तुझ्याकडे. तो सूक्ष्मदर्शक मला दाखव. खरं सांगतो, मनातली भीती गेलेली नाही. तू कितीही समजावलंस तरी ती काच माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि ती हलावी अशी माझी इच्छाही नाही. ती भीती माझ्या घरची आहे, मी सांभाळीन. पण ती परत कुणी उचलून नेऊन वापरता कामा नये, म्हणून मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय की मी जाळायला निघालो होतो ते काय होतं. कदाचित दारातूनच परत फिरेन. फिरलो तर हसू नकोस.

आणि तोवर त्या खोलीची किल्ली कुणाच्याही हातात देऊ नकोस. गोड बोलणाऱ्याच्या नको, घाबरलेल्याच्या नको. मी मागितली तर माझ्याही.

तुझा मामा